होकार देऊन फेकलेला चेंडू

एकदा एक गुरू होते. त्यांच्याजवळ आश्रम नव्हता, पर्णकुटी नव्हती. होतं ते एक मैदान. तापीकाठच्या एका गावाबाहेरचं, तीन बाजूंनी केळीच्या बागा आणि चौथ्या बाजूला शाळेची मागची भिंत. शाळेत ते कवायत शिकवत आणि शाळा सुटल्यावर या मैदानावर मुलांना बेसबॉल शिकवत. "हा परमुलखातला खेळ आमच्या पोरांच्या गळ्यात का बांधलात?" असं कुणी विचारलं की गुरुजी म्हणत, "क्रिकेटच्या पाहुण्याला खेळपट्टी लागते, रोलर लागतो, पांढरे कपडे लागतात. हा पाहुणा ढेकळांतही मांडी घालून बसतो. गरिबाघरी असाच पाहुणा टिकतो."

गुरुजींच्या शिष्यांत दोघे असे होते, की गाव त्यांची नावं एका दमात घेई. एक फेकणारा, एक झेलणारा. या कथेत नाव मात्र एकाचंच येईल, आणि ते फेकणाऱ्याचं नाही. फेकणाऱ्याचं नाव घ्यायला जगात माणसं पुष्कळ असतात. झेलणाऱ्याचं नाव होतं हिरामण.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. फेकणारा मधल्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. समोर दांडकं घेऊन मारणारा उभा असतो आणि त्याच्या पाठीशी, तोंडावर लोखंडी जाळी बांधून, झेलणारा उकिडवा बसलेला असतो. लोकांना फेकणारा दिसतो, मारणारा दिसतो. झेलणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. पण खेळ तो चालवतो. प्रत्येक चेंडूआधी तो मांड्यांच्या आड, मारणाऱ्याला दिसणार नाही अशी, बोटांनी खूण करतो. या दोघांच्या भाषेत एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू आणि उघडा पंजा म्हणजे सावकाश येणारा. फेकणाऱ्याला पटलं तर तो मान डोलावतो. नाही पटलं तर नाही म्हणून मान हलवतो, मग झेलणारा दुसरी खूण करतो. नकार देण्यात कसलाही कमीपणा नाही, खेळाचा तसा रिवाजच आहे. मात्र एकदा होकार दिला की झेलणारा त्या होकारावर विसंबून आपले गुडघे, आपले हात, आपलं तोंड त्या चेंडूपुढे मांडून बसतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत चेंडू येतो. तेव्हा विचार करायला सवड नसते, केलेला विश्वासच काय तो कामी येतो.

फेकणाऱ्याचा बाप केळीच्या बागांची राखण करायचा. पोरगा लहानपणापासून दगड मारून वानरं हाकलत आला होता, आणि त्याचा दगड चुकतो असं वानरांनीही कधी म्हटलं नसतं. हिरामण शिंप्याचा. त्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ छोटं दुकान होतं आणि गावात त्यांना कटिंग मास्तर म्हणत, कारण कापड बेतावं आणि कापावं तर त्यांनीच. हिरामणच्या हातात वडिलांनी नुकतीच कात्री द्यायला सुरुवात केली होती. मशीन चालवणं कुणालाही शिकवता येतं, कात्री मात्र मुलाच्याच हाती जाते, अशी त्या घरची समजूत होती.

बेसबॉलचा चेंडू म्हणजे कातड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याने एकमेकांना शिवलेले. त्या मैदानातल्या खड्यांवर महिनाभरात चेंडूचे टाके सुटत आणि नवे चेंडू परवडत नसत. मग हिरामण ते घरी नेई आणि दाभण घेऊन, दोऱ्याला मेण लावून, पुन्हा शिवून आणी. फेकणारा त्याच्याजवळ बसून सांगे, "या अंगाचा टाका जरा उभा ठेव रे, बोट धरतं." हे नियमात बसत नव्हतं. गुरुजींना ते कळत होतं आणि तेव्हाच नेमका त्यांचा चष्मा सापडत नसे. अशी ही जोडी. एकाने शिवावं आणि दुसऱ्याने फेकावं, आणि फेकलेलं पुन्हा पहिल्यानेच झेलावं.

पुढे एका वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेत गुरुजींचा संघ अंतिम सामन्याला पोचला. सामना याच मैदानावर होता. त्याच दिवशी परदेशातून खेळाडू हेरणारे दोन पारखी आले. फेकलेला चेंडू किती वेगाने येतो ते मोजणारं यंत्र त्यांच्याजवळ होतं. झेलणाऱ्याच्या पाठीशी चेंडू अडवायला उभारलेल्या जाळीमागे खुर्च्या टाकून ते बसले आणि गावात बातमी पसरली, की आज कुणाचं तरी नशीब उघडणार.

गुरुजी मात्र काळजीत होते. आदल्या दिवशीच्या सामन्यात फेकणाऱ्या शिष्याने जिवाच्या कराराने चेंडू फेकले होते आणि सकाळी त्याचं कोपर गरम लागत होतं. "आज हात राखून फेक," ते म्हणाले. "सुरुवातीला लागतील तेवढे जोराचे टाक. नंतर मी टोपीला हात लावला की हिरामण पंजा उघडेल. मग सावकाशच टाकायचे. कोपर एकदा रुसलं की त्याची समजूत काढता येत नाही."

"हो गुरुजी," शिष्य म्हणाला. होकार द्यायला तो पहिल्यापासून तत्पर होता.

सामना रंगला. शेवटच्या डावात प्रतिस्पर्ध्यांचा एक धावणारा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या टप्प्यावर, टपून बसला होता, म्हणून हिरामणने आपला मोकळा उजवा हात ग्लोव्हच्या अगदी लगत ठेवला होता. चेंडू आला की उचलून लगेच फेकता यावा म्हणून. गुरुजींनी टोपीला हात लावला. हिरामणने पंजा उघडला.

शिष्याला पंजा दिसला, आणि पंजाच्या पलीकडे जाळीमागचं ते यंत्र दिसलं. मघापासून ते दोघे पारखी एकमेकांशी काहीतरी कुजबुजत होते. त्याच्या मनात आलं, सावकाश चेंडूची हे लोक काय नोंद घेणार! नाही म्हणून मान हलवावी, तर बाकावर गुरुजी बसलेले. सगळ्यांदेखत त्यांची आज्ञा मोडल्यासारखं होईल. त्याने मान डोलावली. गुरुजींना दिसेल अशी, नीट, आज्ञाधारकपणे डोलावली. आणि अंगातला सगळा जीव हातात आणून जन्मातला सगळ्यात वेगवान चेंडू फेकला. मान गुरुजींसाठी होती, हात पाहुण्यांसाठी होता.

ग्लोव्हमध्ये बसलेला चेंडू टाळी वाजावी तसा वाजतो. हा तसा वाजला नाही. हिरामण खाली येणाऱ्या सावकाश चेंडूसाठी ग्लोव्ह जमिनीलगत धरून बसला होता. ऐनवेळी त्याने हात वर ओढले, चेंडू अडला, पण अडला तो ग्लोव्हच्या कडेला आणि उघड्या अंगठ्याला. जाळीमागून "वा!" असं काहीतरी परक्या भाषेत ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एरवी हिरामण बसल्या जागेवरून चेंडू परत फेकायचा. त्या वेळी तो उठला, उंचवट्यापर्यंत चालत आला आणि डाव्या हातातल्या ग्लोव्हमधूनच चेंडू त्याच्यापुढे धरला. जाळीमुळे चेहरा दिसत नव्हता. तो काही बोलला नाही. यानेही विचारलं नाही. त्यानंतर हिरामणने पंजा एकदाही उघडला नाही, एकच बोट दाखवत राहिला. शिष्याने मनाशी म्हटलं, चला, याला पटलेलं दिसतंय. माणसाला जे समजून घ्यायचं नसतं त्याचा सोयीचा अर्थ त्याला फार लवकर सापडतो.

सामना जिंकला. पारख्यांनी शिष्याचं नाव लिहून घेतलं. गुलाल उधळला गेला, हार पडले. गर्दीतून शिष्याला एकदा हिरामण दिसला. उजवा हात काखेत दाबून तो शाळेच्या भिंतीकडेने एकटाच घरी निघाला होता. उद्या भेटू, असं याने ठरवलं. उद्या कागदपत्रं निघाली, परवा मुंबई निघाली. जाण्याआधी तो दुकानावर डोकावला तेव्हा मास्तर म्हणाले, "हिरामण मामाच्या गावी गेलाय. दारात बोट सापडलं त्याचं. तिकडं हाडवैद्य आहे म्हणतात." शिष्याने ऐकलं, आणि दारात सापडलं म्हणतात तर दारातच सापडलं असेल, असं धरून चालायचं ठरवलं.

परदेशातली त्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण अशा कथा तिकडे ढिगाने असतात. सगळ्यात खालच्या फळीतल्या संघात त्याला घेतलं. लहान लहान गावं, लांबलचक बसप्रवास, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. त्या शेतांत वानरं नाहीत याचं त्याला उगीच वाईट वाटे. हात चांगला होता, कष्टाला तो मागे नव्हता, वर्षा-दोन वर्षांनी एकेक पायरी तो चढत गेला. तिथले झेलणारे मोठे कसबी होते. त्यांनी खूण केली की हा मान डोलावी आणि कधी कधी आपल्याला हवं तेच फेकी. एकदोघांनी बोटं चोळत त्याला शिव्या दिल्या. एकाने तर "याच्यासमोर मी बसणार नाही" असं संघाच्या प्रमुखाला सांगितलं. कोपराचं तेच. संघाचा डॉक्टर सामन्याआधी विचारी, "दुखतंय?" आणि कोपरात सुया टोचत असताना हा नाही म्हणून मान हलवी. हो म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाईल, ही भीती.

एका उन्हाळ्यात तो अगदी वरच्या संघापर्यंत पोचला. मोठं स्टेडियम, डोळे दिपवणारे दिवे. पहिल्याच सामन्यात त्याने तिघांना लागोपाठ बाद केलं. त्याचं छायाचित्र गावच्या वर्तमानपत्रात आलं आणि शाळेत पेढे वाटले गेले. चौथ्या सामन्यात कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. शस्त्रक्रिया झाली. वर्षभर तो रबराच्या पट्ट्या ओढत बसला. हात पुन्हा वर गेला, पण वेग गेला तो गेलाच. मग एका सकाळी कुणीतरी त्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती. तिकडे निरोप देण्याची पद्धत अशी आहे. कुणाला दोष द्यावा, असंही त्याला वाटलं नाही. विमानात तो सबंध वेळ उजवं कोपर डाव्या हाताने धरून बसला होता.

गेला तेव्हा मिसरूड नुकतं जाड झालं होतं, आला तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. गावाने सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, आणि चार दिवसांनी गाव आपापल्या कामाला लागलं. तो गुरुजींकडे गेला. गुरुजी आता काठी टेकत मैदानावर येत. मुलं येत होती, पण उंचवटा झिजला होता, जाळी फाटली होती, आणि शाळेच्या समितीत कुणीतरी 'इथं लग्नाचं लॉन केलं तर' असं बोलू लागलं होतं.

"गुरुजी, मैदान माझ्या हाती द्या," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. हेही गेलं तर मी कोण, ते मलाच सांगता यायचं नाही."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. "समितीला मी सांगेन तोच माणूस मान्य आहे," ते म्हणाले. "पण आधी एक काम कर. उद्या सकाळी ये. फेकायचं नाही, झेलायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दोघेच होते. गुरुजींनी त्याच्यापुढे एक जुना ग्लोव्ह टाकला, इतका जुना, की कातडं पापडासारखं कडक झालं होतं. शिष्य उकिडवा बसला. गुरुजी उंचवट्यावर चढले नाहीत, बऱ्याच अलीकडे उभे राहिले. म्हाताऱ्या हाताला तेवढंच झेपणार होतं.

"खूण कर," ते म्हणाले.

शिष्याने ग्लोव्ह डावीकडे धरला आणि बोटाने डावीकडे दाखवलं. गुरुजींनी मान डोलावली आणि चेंडू उजवीकडे टाकला. शिष्य कोलमडला. चेंडू मागे केळीच्या बागेत गेला, तो जाऊन घेऊन आला. गुरुजींचा हात चुकला असेल, वय झालंय, असं त्याला वाटलं. त्याने उजवीकडे खूण केली. गुरुजींनी मान डोलावली आणि चेंडू डावीकडे टाकला. खाली मागितला, तो त्याच्या कानाजवळून गेला. वर मागितला, तो घोट्यावर बसला. दर वेळी गुरुजी आधी मान डोलावत, अगदी प्रसन्न मुद्रेने, आणि दर वेळी भलतीकडेच टाकत. उन्हं वर आली. शिष्याच्या तोंडात माती गेली होती, आणि म्हाताऱ्याच्या चेंडूत काडीचाही जोर नसताना त्याला एकही चेंडू झेलता आला नव्हता. शेवटी एक चेंडू त्याच्या उघड्या बोटांवर बसला आणि त्याचा संयम सुटला.

"गुरुजी, ही कसली चेष्टा! मान हो म्हणून डोलावता आणि टाकता उलट. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा ना! मी माझा हात तिकडे नेईन. तुमचा चेंडू कठीण नाही हो, तुमचा होकार कठीण आहे!"

आपणच काय बोललो ते त्याच्या कानात शिरायला थोडा वेळ लागला. मग त्याने हातातल्या ग्लोव्हकडे पाहिलं. ग्लोव्हच्या कडेला लाल दोऱ्याचे बारीक, एकसारखे टाके होते. ते कुणाचे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. इतक्या वर्षांत त्याने कधी हिरामणला पत्र लिहिलं नव्हतं, फोन केला नव्हता, कुणापाशी त्याचं नावही काढलं नव्हतं.

गुरुजी काठीच्या आधाराने त्याच्या शेजारी मातीत बसले.

"त्या दिवशी तू नकार दिला असतास," ते म्हणाले, "तर मी रागावलो असतो, चार शब्द बोललो असतो. हिरामणने एक बोट दाखवलं असतं आणि तोच चेंडू सुखरूप झेलला असता. यंत्रात वेग तितकाच उमटला असता. पारख्यांनी तुला तसंच नेलं असतं. खोट्या होकाराने तुला जास्तीचं काहीच मिळालं नाही रे, फक्त माझे चार शब्द टळले. ते त्याच्या अंगठ्यावर बसले."

शिष्य मान खाली घालून ऐकत होता.

"तुझी मान आणि तुझा हात यांची फारकत त्या दिवशी झाली. पुढे तू डॉक्टरपुढेही मान हलवलीस, कोपर ओरडत असताना, हे तूच काल सांगितलंस. ज्याचा होकार खरा नाही त्याचा नकारही खरा राहत नाही. पण सगळा दोष तुझ्या माथी मारून मला मोकळं होता यायचं नाही. चेंडू कातड्यात बसला की हाडावर, हे मला बाकावर बसून कळत नाही होय? मला आवाज आला होता. पण पाहुणे खूश होते, गावाचं नाव होणार होतं. मीही टाळ्या वाजवल्या. आज तुला जे सांगतोय ते त्याच संध्याकाळी तुझा कान धरून सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित तुझं कोपरही वाचलं असतं."

काठीने गुरुजींनी मातीत एक रेघ ओढली आणि पुसून टाकली.

"हिरामणला भेटून ये," ते म्हणाले. "मैदान घेऊ का, असं त्याला विचार. तो हो म्हणाला तर ते तुझं."

बसस्टँडजवळचं दुकान आता मोबाइलचं झालं होतं. हिरामणचं घर मागच्या गल्लीत होतं. ओट्यावर एक मशीन, मशीनशेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. कापड बाहेरून कापून येत होतं, हिरामण फक्त जोडत होता. भिंतीवर खिळ्याला मास्तरांची मोठी कात्री टांगलेली होती. हिरामणच्या उजव्या हाताचा अंगठा बाजूला वळलेला होता, वाळलेल्या शेंगेसारखा. कात्रीच्या कडीत असा अंगठा जात नाही.

"ये भो, बस," हिरामण म्हणाला. त्याने मशीन थांबवलं नाही. गणवेशाची बाही पुरती जोडली, दोरा तोडला, मग वर पाहिलं. "पेपरात फोटो बघितला होता तुझा. लई मोठं मैदान होतं."

शिष्याने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं त्या अंगठ्याकडे पाहून निसटलं. "तो चेंडू," तो कसाबसा म्हणाला. "मी हो म्हटलं आणि जोराचा टाकला. मला कळलं होतं तुझा हात गेला ते. तू चालत आलास तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही."

हिरामणने दुसरी बाही उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "तुझा जोराचा चेंडू मी डोळे मिटून झेलत होतो," तो म्हणाला. "एवढंच मला कळत नव्हतं, का नाही सांगितलं यानं? घरी दार म्हणून सांगितलं. बापानं मरेस्तोवर तेच खरं मानलं. कात्री माझ्या हाती देताना त्याचा जीव किती हरखला होता, तुला माहीत आहे. नंतर ती त्यानंच खिळ्याला लावली."

गल्लीतून कुणाची तरी शेळी ओरडत गेली.

"गुरुजी म्हणतात, तुला विचारून मैदान घ्यावं," शिष्य म्हणाला. "घेऊ?"

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतात, चहा पाजतात, आणि तो गेल्यावर मनात जे असतं ते तसंच राहतं. हिरामणनेही तसं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. शिष्य त्याच्या मानेकडे डोळे लावून बसला होता, कारण आयुष्याचं उरलंसुरलं काय ते त्या मानेवर ठरणार होतं. हिरामणने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आज माझ्या मनात नाही."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नकाराचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे होतं, की त्या ओट्यावर, त्या क्षणी, त्याला दिसलं की सरळ नाही म्हणणं इतकं सोपं असतं. एवढंच तर करायचं होतं, आणि तेवढं त्याच्याने झालं नव्हतं. तो उठला. हिरामणला त्याने वाकून नमस्कार केला. बरोबरीच्या माणसाला करत नाहीत, तरी केला. हिरामण संकोचून मागे सरला.

पायरी उतरताना मागून हिरामणचा आवाज आला. "मैदानावरचे चेंडू फाटले असतील."

"सगळे."

"घेऊन ये. माझ्या हातानं टाका ओढवत नाही. मी सांगतो, तू घाल."

शिष्य गुरुजींकडे परतला आणि म्हणाला, "तो नाही म्हणाला."

"मग?"

"मग मैदान तुमचंच राहू द्या. मी फक्त झेलायला बसतो. मुलांना झेलणारा लागेलच ना कुणीतरी."

गुरुजींनी तो कडक झालेला ग्लोव्ह उचलला, त्यावरची माती धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्याच्या हातात दिला.

त्यानंतर रोज सकाळी तो मैदानावर उकिडवा बसू लागला. ज्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं होतं तो माणूस जाळीआड तोंड झाकून बसतो, याचं गावाला आधी नवल वाटलं आणि मग वाटेनासं झालं. रविवारी दुपारी तो फाटके चेंडू पिशवीत घालून हिरामणच्या ओट्यावर जाई. न सरळ होणाऱ्या कोपराने दाभण धरी आणि लाल दोऱ्याचे टाके घाली. टाके वाकडे येत. हिरामण चेंडू हातात घेई, डाव्या अंगठ्याने शिवण चाचपे आणि म्हणे, "उसव." तो मुकाट्याने उसवून पुन्हा घाली. उसवता येण्यासारखं आयुष्यात फार थोडं असतं, हे दोघांनाही कळत होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. मैदानाचा प्रश्न त्याने हिरामणला पुन्हा विचारला नाही, आणि हिरामणनेही आपणहून काही म्हटलं नाही.

पुढे गुरुजी वारले. मैदान अजून आहे, लॉन काही झालं नाही. तिथे नवा मुलगा आला की जाळीमागचा तो पांढऱ्या केसांचा माणूस त्याला लगेच चेंडू देत नाही. समोर उभा करून, एकामागून एक न पटणाऱ्या खुणा करून, आधी नाही म्हणून मान हलवायला शिकवतो. मुलं लाजतात, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणतात. पण ते साधल्याशिवाय तिथे कुणाच्या हाती चेंडू पडत नाही.